विहिरीची ओटी

दोरीला दर हाताला गाठ मारलीय.
हात माझाच, शाळेतल्या पट्टीवर मोजलेला:
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत त्रेचाळीस सेंटिमीटर.
दगड तळाला टेकला की दोरी सैल पडते,
मग वर ओढायची आणि फक्त ओला भाग मोजायचा.
आठ गाठी, वर चार बोटं.
साडेतीन मीटर धर, हिलाल गुरुजी म्हणाले,
एका सेंटिमीटरनं बोरीकाठ बुडत नाही.

व्यास चार मीटर, पाटीवर कोरलेला.
दोन गुणिले दोन, गुणिले तीन पूर्णांक चौदा शतांश,
गुणिले साडेतीन.
चव्वेचाळीस घनमीटर.

घनमीटर मी कधी पाहिला नव्हता.
गुरुजींनी पारावर खडूनं चौकोन काढला,
कोपऱ्यावर काठी उभी धरली:
एवढा खोका. हजार लिटर.
माझा हंडा पंधरा लिटरचा,
म्हणजे त्या एका खोक्याला सदुसष्ट खेपा, आणि मान.
खाली अंधारात असे चव्वेचाळीस,
कडा नसलेले.

हजार लिटरला अडीच ग्राम पावडर.
एकशे दहा ग्राम झाले.
परिपत्रकात मात्र मिलिग्राम प्रति लिटर,
ते वाचून घाम फुटला.
रात्री पोरं निजल्यावर वहीत मांडलं:
हजार लिटरात एक ग्राम,
तेच एका लिटरात एक मिलिग्राम.
भाकरी हजार पट लहान झाली,
खाणारं तोंडही तेवढंच लहान झालं,
भूक होती तिथंच राहिली.
मला एकटीलाच हसू आलं.

माझ्या आधी झिपरू आप्पा टाकायचे.
सव्वीस वर्षं. काटा नाही, वही नाही.
मूठ म्हंजे मूठ.
मी त्यांना सुकलालच्या दुकानात नेलं,
म्हटलं, टाका एक मूठ ताटलीत.
काटा किलोत बोलतो: शून्य पूर्णांक शून्य सहा दोन.
दुसरी मूठ अठ्ठेचाळीस ग्राम.
तिसरी एकाहत्तर.
आप्पा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले,
उसना आणल्यासारखे.
मला वाटलं, जिंकले.

एकशे दहा ग्राम, ना कमी ना जास्त,
बादलीत कालवली, गाळ बसू दिला,
वरचं निवळ पाणी सोडलं विहिरीत.
तासाभरानं नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले.
बाया जमल्या होत्या. विठाबाई म्हणाली,
अगं, विहिरीची ओटी भरतेस, तर खण कुठंय?
सगळ्या हसल्या.
नळी पिवळी झाली नाही.

पुन्हा टाकले थेंब. पांढरं ते पांढरंच.
गणित तपासलं, दोरी तपासली, हातसुद्धा.
खालच्या आळीत तिघं जुलाबानं झोपून होते
आणि माझं उत्तर बरोबर होतं.

आप्पा पोत्याशी वाकले.
चिमूट नाकाजवळ नेली, डोळे मिटले, थांबले.
"हाई पावडर झोपेल शे, माय.
नाकले चावत नई. आखो टाक."

नमुना अमळनेरला पाठवला.
पोत्यावर छापलं होतं तेहतीस टक्के,
कागद आला: बावीस.
उघड्या तोंडाचं पोतं, ओलसर खोली,
अकरा टक्के कुठंतरी हवेत निघून गेले होते.
एकशे दहा गुणिले तेहतीस, भागिले बावीस.
एकशे पासष्ट.

म्हणजे आप्पांची मूठ तेव्हा बासष्टची होती
की अठ्ठेचाळीसची, हा प्रश्नच नव्हता.
नाक चावलं की दोन मुठी,
नाही चावलं की तीन.
सव्वीस वर्षं ते भागाकार करत होते,
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी नळी पिवळसर झाली,
हरभऱ्याची डाळ भिजवून काढल्यावर
पातेल्यात उरतं तेवढी.

रजिस्टरात रकाने आहेत:
तारीख, घनमीटर, ग्राम, ओटी.
वासाला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं, पोतं बदलणे.
खाली जागा होती, तिथं आप्पांचा अंगठा घेतला.
ग्रामसेवक विचारतील कशासाठी.
विचारू देत.